कॅराव्हॅनची सर्व्हिस आणि वॉरंटी : कोणत्या क्रमाने काय करायचं

गाडी घाटात तापते. मालक जवळच्या गॅरेजात नेतो. मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारा कूलंटचा व्हॉल्व्ह, काढून टाकतो आणि ‘आता बघा, तापायची नाही’ म्हणतो. महिनाभरात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, जातं, गाडी कंपनीच्या वर्कशॉपला पोहोचते, सुपरवायझरला थर्मोस्टॅटच्या जागी काही दिसत नाही आणि तो वॉरंटी नाकारतो. बिघाड कदाचित खरोखर कंपनीचाच होता, पण आता ते सिद्ध करायला काही उरलेलं नसतं.

कॅराव्हॅनच्या बाबतीत असं वारंवार घडतं. आधी करायच्या गोष्टी नंतर केल्या जातात, आणि नंतर करायच्या घाईघाईने आधी. म्हणून हा लेख पायऱ्यापायऱ्यांनी लिहिला आहे. आपल्याकडे फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया, टाटा विंगर अशा व्हॅनवर किंवा पिकअपच्या चासीवर फॅब्रिकेटरकडून घर बांधून घेतात, त्या गाड्या इथे डोळ्यांसमोर आहेत. पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

## पायरी १ : गाडीत किती वॉरंट्या आहेत ते मांडा

कॅराव्हॅनला निदान चार वेगवेगळ्या वॉरंट्या असतात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन यांची मूळ गाडी बनवणाऱ्या कंपनीची. छत, खिडक्या, फर्निचर, पाण्याच्या लाइनी, घराचं वायरिंग यांची फॅब्रिकेटरची. फ्रिज, छतावरचा एसी, इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, पंप यांची ज्या त्या कंपनीची. टायर आणि स्टार्टिंगच्या बॅटरीची तक्रारही बहुधा ती बनवणाऱ्या कंपनीकडेच जाते.

एका कागदावर हे सगळं रकाने पाडून लिहा : कोणाची वॉरंटी, कधी सुरू झाली, कधी संपते, किलोमीटरची मर्यादा किती, सर्व्हिस कुठे करायची, तक्रार लेखी कोणाला पाठवायची. हा कागद गाडीतच ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये.

‘कधी सुरू झाली’ या रकान्यात बहुतेक जण फसतात. मूळ गाडीची वॉरंटी डीलरने गाडी विकली त्या दिवशी सुरू होते. त्यानंतर गाडी फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने उभी असते. घर बांधून गाडी तुमच्या दारात येते तोवर वॉरंटीचा बराच भाग वापराविना गेलेला असतो, आणि वेळेची म्हणून असलेली पहिली सर्व्हिस याच काळात हुकते. गाडी शेडमध्ये असली तरी सर्व्हिसची तारीख तुम्हीच सांभाळायची. फॅब्रिकेटर ती सांभाळणार नाही, ते त्याचं काम नाही.

उपकरणांच्या बाबतीत दुसरी अडचण. फ्रिज आणि बॅटरीचं बिल फॅब्रिकेटरच्या नावावर असतं आणि वॉरंटी त्याच्या खरेदीच्या तारखेपासून मोजली जाते. ताबा घेतानाच प्रत्येक बिलाची प्रत आणि प्रत्येक उपकरणाचा सिरिअल नंबर मागून घ्या. नंतर मागितलं की ‘शोधून देतो’ असं उत्तर मिळतं.

फॅब्रिकेटरची वॉरंटी लेटरहेडवर हवी. ‘वर्षभर काही झालं तरी आपलंच आहे’ हे प्रेमाचं बोलणं झालं. गळती किती काळ धरली आहे, वायरिंग धरलं आहे का, दुरुस्तीला गाडी त्याच्याकडे न्यायची की तो माणूस पाठवणार, नेण्याआणण्याचा खर्च कोणाचा, हे सगळं लिहून घ्या. गाडी बंगळुरूला किंवा केरळात बांधून घेतली असेल आणि तुम्ही नाशिकला राहत असाल, तर या शेवटच्या ओळीवरच वॉरंटीची किंमत ठरते.

आता आरसी. मूळ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने बंधन घातलं आहे, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवरचा बॉडीचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचं वजन हे प्रत्यक्ष गाडीशी जुळतं का पाहा. जुळत नसेल तर वॉरंटीच्या आधी विम्याचा प्रश्न उभा राहतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीत त्याची नोंद करून घ्या.

तपासा : आज संध्याकाळी छतातून पाणी गळलं, तर ईमेल कोणाला पाठवायचा हे त्या कागदावरून अर्ध्या मिनिटात कळतं का? नसेल तर पहिली पायरी अजून झालेली नाही.

## पायरी २ : सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तारखेवर करा

सर्व्हिस बुकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. रोजच्या गाडीचे किलोमीटर आधी भरतात. कॅराव्हॅन मात्र सुट्ट्यांपुरती निघते आणि एरवी उभी असते, त्यामुळे तिचे महिनेच आधी भरतात. ‘अजून चार हजारच तर झालेत’ म्हणून सर्व्हिस पुढे ढकलणं हे वॉरंटी नाकारली जाण्याचं सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत टाळता येण्यासारखं कारण आहे. मालकावर ही वेळ आली की मला फार वाईट वाटतं, कारण एका सर्व्हिसच्या बिलाने ती टळली असती.

उभी गाडी झिजत नाही हा समजही चुकीचा आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअस असायला हवा, ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर आलेली असते. भरलेली कॅराव्हॅन कशेडी किंवा वरंधा घाट उतरत असेल तेव्हा हा फरक पायाखाली जाणवतो : पेडल मऊ पडतं, ब्रेक लागत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत ते बदलून घ्या, साधारणपणे ही मुदत दोन वर्षांची असते.

टायरचंही तसंच. नक्षी नवी दिसते, रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. फॅब्रिकेटरकडे गाडी बराच काळ उभी असेल तर ताबा घेतानाच हे आकडे वाचा.

बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन पुरेसं तापून गाडी एका वेगाने काही वेळ चालली तरच त्यातली काजळी जळते. रात्री एसीसाठी गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं की हा फिल्टर चोंदतो. वर्कशॉपवाले स्कॅनर लावून इंजिन किती तास नुसतंच चालू होतं ते बऱ्याच गाड्यांत पाहू शकतात, आणि मग ‘वापर चुकीचा’ असा शेरा येतो. एसी हवा असेल तर तो बॅटरी-इन्व्हर्टरवर किंवा कॅम्पिंगच्या जागी मिळणाऱ्या विजेवर चालवा.

ज्या गाडीत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची, वेगळी टाकी आहे तिथे प्रमाणित डीईएफच भरा, पाणी मिसळू नका. चुकून डिझेल त्या टाकीत गेलं तर किल्ली फिरवूच नका, गाडी उचलून न्या. किल्ली फिरली की पंपापासून पुढचं सगळं खराब होतं आणि ते कुठल्याच वॉरंटीत येत नाही.

सर्व्हिसला जाण्याआधी वर्कशॉपला फोन करून गाडीची खरी उंची, लांबी आणि वजन सांगा. छतावर एसी आणि सोलर असलेली गाडी अनेक शेडच्या दारातून आत जात नाही, आणि गेली तरी लिफ्टवर घेता येत नाही. जाण्याआधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा आणि गॅसचा सिलिंडर घरी काढून ठेवा.

एकदा वजनकाट्यावरही जा. पाणी, सिलिंडर, बॅटऱ्या, माणसं, भांडीकुंडी, सगळं भरून. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. पुष्कळ गाड्यांत एकूण वजन मर्यादेत असतं, पण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि पलंग सगळं मागे टाकल्याने मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर गेलेला असतो. मग पाटे बसतात, टायर आतून झिजतात, बेअरिंग आवाज करतं. काट्याची पावती जपून ठेवा. सस्पेन्शनची तक्रार केली की पहिला प्रश्न ‘ओव्हरलोड होती का?’ हाच येतो, आणि त्याला उत्तर ही पावती देते. मर्यादा ओलांडलेली निघाली तर सामान कमी करणं किंवा टाकीची जागा बदलून घेणं, हे तक्रारीच्या आधीचं काम आहे.

सावधान : सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्ये झाली तरी बुकात शिक्का, तारीख आणि किलोमीटर नसेल तर ती झाली नाही असं धरलं जातं. बिल हातात पडल्याशिवाय निघू नका.

## पायरी ३ : घराचा भाग वेगळा तपासा

मूळ कंपनीचं वर्कशॉप घराच्या भागाकडे पाहतही नाही. ही तपासणी वर्षातून दोनदा तुम्हीच करायची : मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर.

### गळती

कॅराव्हॅनचा खरा शत्रू पाणी आहे. इंजिन बिघडलं तर दुसरं बसतं, पण प्लाय आणि सांगाडा कुजला की गाडी जवळपास पुन्हा बांधावी लागते. आधी कोरड्या दिवशी आत बसा, दारं-खिडक्या बंद करा आणि वास घ्या. कुबट वास हा पहिला पुरावा. मग प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतली, छतावरच्या एसीच्या चौकटीभोवतीची आणि कपाटांच्या मागची प्लाय अंगठ्याने दाबत जा. चांगली प्लाय टणक लागते. ओली प्लाय किंचित आत जाते आणि अंगठा काढला तरी लगेच वर येत नाही. लॅमिनेटचा फुगवटा, स्क्रूच्या डोक्याभोवतीचा गंज आणि कडेला उमटलेली तपकिरी रेघ यांचे फोटो घ्या.

त्यानंतर पाइपने पाणी मारा. इथे क्रम चुकला की कसोटी वाया जाते. पाणी खालून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं : आधी चाकांच्या वरचे सांधे, मग खिडक्या, मग छताची कड, शेवटी छतावरच्या एसीची, पंख्याची आणि सोलरच्या ब्रॅकेटची भोकं. प्रत्येक जागी पाचदहा मिनिटं द्या. एक माणूस आत टॉर्च आणि कोरडा टिश्यूपेपर घेऊन बसला पाहिजे. छतापासून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून आत आलं ते कळतच नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, तो चांगलं सीलही उचकटतो.

गळती सापडली की वरून सिलिकॉन फासण्याचा मोह होतो. तो आवरा. सिलिकॉनचा थर बसला की त्यावर दुसरं सीलंट नीट धरत नाही आणि फॅब्रिकेटर ‘तुम्ही हात लावलात’ म्हणून मोकळा होतो. पावसात तात्पुरतं अडवायचंच असेल तर ताडपत्री टाका, फोटो-व्हिडिओ घ्या, त्याच दिवशी लेखी कळवा.

### गॅस आणि धूर

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी उघडी जाळी हवी आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंद हवा. पुष्कळ गाड्यांत ही जाळी नंतर बसवलेल्या मॅटने झाकलेली सापडते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नका, ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या आणि तो पट्ट्याने उभा बांधा. सुरक्षा होजवरची तारीख पाहा, पाच वर्षांनी ती बदलायची. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला की व्हॉल्व्ह बंद.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. डिसेंबर २०२४मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा विषारी धूर गाडीच्या तळातल्या फटीतून आत आला होता. या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ लावा, महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. वायर किंवा पाइप जायला तळात पाडलेलं प्रत्येक भोक खालून टॉर्चने शोधा आणि फॅब्रिकेटरकडून बुजवून घ्या. जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी.

### वायरिंग

१२ व्होल्टवर १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला की नुकसानीसकट जवळपास शंभर अँपिअर करंट ओढतो. इंडक्शन किंवा किटली दहा मिनिटं चालवा आणि बॅटरीकडून येणाऱ्या जाड केबलला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर केबल बारीक आहे किंवा लग (केबलच्या टोकाची धातूची जोडणी) ढिला आहे, आणि ही आगीची तयारी आहे. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे का तेही पाहा. घराची बॅटरी लिथियम असेल तर ती अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, थेट जोडलेली नसावी, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. नाहीतर अल्टरनेटर तापून जातो, आणि मूळ कंपनी तो बदलून देणार नाही.

बाहेरची २३० व्होल्टची वीज घेत असाल तर आत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी स्विच, असलीच पाहिजे. तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का पाहा.

कोकणात समुद्राकाठी मुक्काम झाला की परतल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा आणि अर्थिंगचे बोल्ट पाहा. खाऱ्या हवेने ते हिरवट पडतात आणि मग दिवे मंद होण्यापासून खोट्या एरर कोडपर्यंत काहीही होतं. उंदरांनी कुरतडलेली वायर कोणत्याच वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे उभ्या गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका.

## पायरी ४ : बिघाड झाला, पहिला अर्धा तास

गाडी सुरक्षित बाजूला घ्या, माणसं उतरवा. काटा लाल झाला असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि तरीही उतरत नसेल तर इंजिन बंद. कूलंट गळताना दिसत असेल तर थेट बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, इंजिनावर पाणी ओतू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या विम्यात बहुधा येत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं ॲड-ऑन लागतं.

मग लगेच, कोणालाही बॉनेटखाली हात घालू देण्याआधी, मोबाइल काढा. डॅशबोर्डचा फोटो, त्यात लागलेले दिवे आणि किलोमीटर दोन्ही दिसले पाहिजेत. आवाज येत असेल तर त्याचा व्हिडिओ. गळती असेल तर रस्त्यावरच्या डागाचा फोटो. स्वतःचा स्कॅनर असेल तर कोड वाचा आणि जपून ठेवा, पण पुसू नका. पुसलेल्या कोडसोबत बिघाडाच्या वेळची वेग, तापमान वगैरे साठवलेली माहितीही जाते.

रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना ‘ट्रॅव्हलर आहे’ एवढंच सांगू नका. वाढलेली उंची आणि भरलेलं वजन सांगा, नाहीतर छोटी टोइंग गाडी येते आणि रात्र वाया जाते.

सावधान : रस्त्यात स्थानिक मेकॅनिककडून काम करून घेणं भागच असेल, तर त्याआधी कंपनीच्या वर्कशॉपला किंवा हेल्पलाइनला मेसेज-ईमेल टाका : गाडी कुठे आहे, काय झालं, तुमचा माणूस किती वेळात येईल, नाही आला तर अमुक काम करून घेतो आहे. मग बिल घ्या, काढलेला पार्ट पिशवीत घालून सोबत ठेवा. काम एवढंच की गाडी वर्कशॉपपर्यंत पोहोचेल. बेल्ट, होज, फ्यूज इथपर्यंत ठीक. हेड, पंप, इंजेक्टर उघडू द्यायचे नाहीत.

## पायरी ५ : दोष चासीचा की बॉडीचा, ते आधी वेगळं करा

गाडीची कंपनी म्हणते फॅब्रिकेटरने वायर तोडली. फॅब्रिकेटर म्हणतो मूळ गाडीचाच प्रॉब्लेम. या टोलवाटोलवीत मालकाचे महिने जातात. ती टाळायची तर वर्कशॉपला जाण्याआधीच तुमच्याजवळ काहीतरी मोजलेलं असलं पाहिजे.

सगळ्यांत जास्त येणारी तक्रार घ्या : चार दिवस उभी राहिली की गाडी स्टार्ट होत नाही. मल्टिमीटरने स्टार्टिंगच्या बॅटरीचे व्होल्ट बघा. पूर्ण चार्ज झालेली, काही तास विश्रांती घेतलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. आता घराचा मुख्य स्विच बंद करा, गाडी लॉक करा आणि कंट्रोल युनिट झोपेपर्यंत पाऊण तास थांबा. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर तो निगेटिव्ह केबलवर लावा. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर मूळ गाडी निर्दोष समजायला हरकत नाही. मग घराचा मुख्य स्विच चालू करा, तसाच वेळ जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर फॅब्रिकेटरने घराचा काहीतरी भार स्टार्टिंगच्या बॅटरीवर टाकला आहे. दोन्ही आकड्यांचा व्हिडिओ घेतलात की पुढचा वादच मिटतो. एका ओळखीच्या कुटुंबाची गाडी याच तक्रारीसाठी दोन्हीकडे येरझाऱ्या घालत होती. क्लॅम्प मीटरच्या व्हिडिओनंतर फॅब्रिकेटरने एका दिवसात जोड बदलून दिला.

तापण्याच्या तक्रारीत पुढचा भाग पाहा. नंतर बसवलेले दिवे, जाड बंपर किंवा जादा कंडेन्सर रेडिएटरसमोरची हवा अडवत असेल तर मूळ कंपनी त्यावर बोट ठेवणारच. असं काही असेल तर ते काढून त्याच रस्त्यावर एकदा गाडी चालवून बघा. तरीही तापली तर तुमची बाजू भक्कम झाली.

## पायरी ६ : जॉबकार्ड

जॉबकार्ड म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये देताना तक्रार लिहून घेतात तो कागद. वॉरंटीचा निकाल इथे लागतो, आणि इथेच सगळे घाई करतात. सर्व्हिस ॲडव्हायझर ‘जनरल चेकअप’ किंवा ‘इंजिन साउंड’ असं काहीतरी लिहून सहीसाठी पुढे करतो.

लक्षण लिहा, निदान लिहू नका. ‘इंजेक्टर खराब’ असं लिहिलंत आणि बिघाड पंपात निघाला, तर तुमची तक्रार चुकीची ठरते. ‘गाडी तापते’ हेही पुरेसं नाही. असं लिहून घ्या : ‘आंबोली घाट चढताना, पाच माणसं, केबिनचा एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटांनी तापमानाचा काटा लाल रेषेवर; सपाट रस्त्यावर होत नाही.’ यात परिस्थिती आहे, वेळ आहे, आणि तंत्रज्ञाला ते करून बघता येतं.

तीच तक्रार पुन्हा आली तर शब्द बदलू नका. आधीच्या जॉबकार्डचा नंबर आणि तारीख लिहून ‘तीच तक्रार पुन्हा’ असं नमूद करायला लावा. दरवेळी नवे शब्द पडले की कागदावर चार वेगळ्या किरकोळ तक्रारी दिसतात. एकच शब्द राहिला तर चार प्रयत्नांत न सुटलेला एक दोष दिसतो.

खालच्या गोष्टी झाल्याशिवाय सही नाही :

- आत येतानाचे किलोमीटर आणि तारीख
- स्कॅन रिपोर्टची प्रिंट किंवा फोटो
- काम वॉरंटीत की पैसे भरून, हे प्रत्येक ओळीसमोर
- गाडीत असलेल्या महागड्या उपकरणांची नोंद

एक प्रश्न स्वतंत्रपणे विचारा : इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडल्यावर वॉरंटी नाकारली, तर उघडण्याची-बसवण्याची मजुरी कोणाची? उत्तर ईमेलवर मागा. हे न ठरवता ‘उघडून बघा’ म्हटलं की गाडी सुट्या भागांत पडलेली असते आणि तुमच्या हातात एस्टिमेट. उघडताना हजर राहायची परवानगी मागा, निदान प्रत्येक टप्प्याचे फोटो तरी.

## पायरी ७ : गाडी ताब्यात घेताना

बिल भरण्याआधी ज्या परिस्थितीत बिघाड होत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून बघा. घाटात होत असेल तर वर्कशॉपच्या आवारातली फेरी निरुपयोगी. लगेच शक्य नसेल तर डिलिव्हरीच्या कागदावर ‘घाटात चाचणी बाकी’ असं हाताने लिहून सही करा. नुसत्या ‘काम समाधानकारक’वर सही नको. पैसे भरून बदललेला जुना पार्ट मागून घ्या. वॉरंटीतला पार्ट ते ठेवून घेतात, त्याचा नंबर दिसेल असा फोटो घ्या. बदललेल्या पार्टला वेगळी वॉरंटी आहे का तेही बिलावर लिहून घ्या.

## पायरी ८ : नकार मिळाला तर

तोंडी नकार स्वीकारू नका. ‘वॉरंटी का नाकारली, कोणत्या अटीखाली, आणि कोणत्या बदलामुळे हा बिघाड झाला असं तुमचं म्हणणं आहे’ हे तीन प्रश्न ईमेलने विचारा. ‘गाडी मॉडिफाय केली आहे’ हे उत्तर अपुरं आहे. कपाट बसवल्याने टर्बो जात नाही. नेमका संबंध त्यांनी सांगावा, अशी मागणी धरून ठेवा. पुष्कळ प्रकरणं इथेच वळतात, कारण लेखी कारण द्यायची वेळ आली की ते वरच्या कार्यालयात तपासलं जातं.

तिथे काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. सोबत स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस, पोच पावतीसह. नोटीस तिघांना : गाडीची कंपनी, डीलर आणि फॅब्रिकेटर. एकालाच पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसरा समोरच नसतो.

पुढे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, फॅब्रिकेटर परराज्यात असला तरी. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ असं ऐकत बसलात तर ही दोन वर्षं कधी सरतात कळत नाही.

गाडी भाड्याने देण्यासाठी घेतली असेल तर समोरचा पक्ष ‘हा व्यापारी हेतू आहे, हे ग्राहकच नाहीत’ असा पहिला आक्षेप घेतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीला कायद्यात सूट आहे, पण ते तक्रारीतच स्पष्ट लिहावं लागतं आणि कागदांनी दाखवावं लागतं. इथे वकिलाचा सल्ला घ्या.

व्हॉट्सॲपचे मेसेज आणि व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्या फोनवर ते आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

आणि प्रकरण चालू असताना बिघडलेला भाग बदलू नका. दोष तपासायला आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो. भागच नसेल तर तपासणार काय? गाडी वापरणं अगदीच भाग असेल, तर आधी आयोगाची परवानगी मागा, तिन्ही पक्षांना तारीख कळवा, त्यांच्यासमोर भाग काढा, पिशवी सीलबंद करून तिच्यावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या आणि ती तुमच्याच ताब्यात ठेवा.